झाकलेली पाठ

सार्वजनिक तलावाच्या तळघरात पंप, वाळूच्या टाक्या आणि क्लोरीनची पिंपं सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पंपवालेच म्हणत. पोहायला येणाऱ्या मुलांचे ते पंपवाले काका, तर मॅनेजरांच्या तोंडी 'अहो पंपवाले'. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. पाणी निळं दिसतं ते फरशीमुळे, पण नितळ राहतं ते माझ्यामुळे, असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात पाळ्यांवर कामाला होती. लेक लहान असताना आईची सकाळपाळी आली की बाप तिला बरोबर घेऊन जाई. उथळ पाण्याच्या कडेला बसवलं की ती तासन्‌तास पाय आपटत बसे. चालायला लागली आणि पोहायला लागली, यांत फारसं अंतर पडलं नाही. दोन्ही पाय दुमडून ती मागे असे झटकायची की बाप तिला बेडकी म्हणू लागला. मग तिकीट देणारा म्हणू लागला, कोचबाई म्हणू लागल्या, आणि खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

पुढे ती उलटं पोहायला शिकली, म्हणजे पाठीवर. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोचबाई म्हणायच्या, "पाण्याने हिला दत्तक घेतलंय. तुम्ही नुसते कागदावरचे आईबाप."

तेराव्या वर्षी कपाळावर पहिल्या पुटकुळ्या आल्या, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. "वयात आलीस, त्याची वर्दी आहे ही," आई म्हणाली. पण वर्दी देऊन त्या गेल्या नाहीत. गालांवर उतरल्या, हनुवटीखाली गेल्या, मग खांद्यांवर आणि पाठभर पसरल्या. साध्या पुटकुळ्या राहिल्या नाहीत, आतून ठणकणाऱ्या गाठी झाल्या. ती कुशीवर झोपू लागली, कारण पाठ टेकली की कळ यायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असत आणि आई उठायच्या आधी ती अभ्रा स्वतः धुऊन टाकायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींवरचे डाग काढणाऱ्या बाईला ते कळलं नसेल, असं कसं होईल? पण तिने तसं कधी दाखवलं नाही. फक्त कपाटात जास्तीचे अभ्रे आणून ठेवले.

सल्ला द्यायला मात्र लोकांना काही लागत नाही. शेजारीण म्हणाली, तळलेलं बंद करा. आत्या म्हणाली, पाणी जास्त पाजा. एका मामाने तर भर जेवणात सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तोंड धुतेस की नाही?" लेक दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धूत होती. कातडी सोलून निघेपर्यंत धूत होती. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि उठली.

आई रोज नवं काहीतरी आणायची, कधी मलम, कधी साबण. दुकानदाराने दिलेल्या एका मलमाने तर सगळा चेहरा लालभडक होऊन सुजला आणि आठवडाभर शाळा बुडाली. लेक आता भांग आरशाशिवाय पाडायची. केस पुढे ओढून घ्यायची. जेवताना भिंतीच्या बाजूची जागा पकडायची, म्हणजे त्यातल्या त्यात बरा गाल लोकांकडे राहील. न्हाणीघरात गेली की दिवा न लावताच तोंड धुवायची. एकदा अंधारात पाय घसरून तिचं कोपर फुटलं. दुसऱ्या दिवशी बापाने तिथली लख्ख पांढरी ट्यूब काढली आणि मिणमिणता पिवळा दिवा लावला.

"अहो, मला त्यात काही दिसत नाही," बायको म्हणाली.

"असू दे थोडे दिवस," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला. लेक त्या दिवसापासून दिवा लावून आत जाऊ लागली. 

एका संध्याकाळी तो घरी आला आणि चपला काढता काढता नेहमीसारखी हाक मारली, "बेडके, पाणी दे गं."

 थोड्या वेळाने ती तांब्या घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मला तसं म्हणू नका."

"कसं?"

"ते नाव."

"का गं? एवढी मोठी झालीस का?"

ती आत निघून गेली. बायकोने त्याला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं. शाळेत कोणीतरी तलावावरचं नाव ऐकलं होतं. वर्गातल्या मुलांना ते फार आवडलं. बेडकाच्या पाठीवर जे असतं ते हिच्या तोंडावर आहे, असं एकाने फळ्यावर चित्रच काढून दाखवलं. आता ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून डरांव डरांव सुरू होतं.

बाप स्टुलावर बसला. ते नाव त्याने दिलं होतं, लाडाने दिलं होतं. आपल्या घरातली वस्तू चोरून नेऊन त्याच वस्तूने कोणी आपल्या पोरीला मारावं, तसं त्याला झालं. त्यानंतर त्याने ते नाव घेतलं नाही. सवयीने जिभेच्या टोकावर यायचं, तो गिळायचा, आणि मग दुसरं काय म्हणावं ते न सुचून नुसतंच "अगं" म्हणायचा.

तरीही ती तलावावर येत होती. शाळेतून खाली मान घालून यायची, पण एकदा पाण्यात उतरली की वेगळीच असायची. पाठीवर पडून वर बघत सरळ रेषेत जायची. पाण्याखाली कान असले की कोणाचंच ऐकू येत नाही, असं ती एकदा बापाला म्हणाली होती. मोठ्या स्पर्धेची निवड जवळ आली होती आणि कोचबाईंना खात्री होती की ही जाणार.

मॅनेजरांनी त्याला दुपारी बोलावलं. दार लोटून घेतलं, बसायला खुर्ची दिली. एरवी कधी देत नसत, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे त्याच्या लक्षात आलं.

"पंपवाले, एक नाजूक गोष्ट आहे. तुमच्या मुलीच्या पाठीबद्दल काही पालकांचं म्हणणं आलंय. आमच्या मुलांना लागण होईल, म्हणतात."

"साहेब, पिंपल आहेत ते. लागण कसली? आणि पाण्यात क्लोरीन मीच टाकतो. रोज तपासतो."

"मला माहीत आहे हो. पण प्रत्येकाला कुठे समजावत बसू? मी काय म्हणतो, थोडे दिवस तिला येऊ नको म्हणा. नाहीतर पाठ झाकेल असं काहीतरी घालू दे. बाहेरच्यांनी बोलण्यापेक्षा बापाने सांगितलेलं बरं, नाही का?"

तो वाद घालू शकला असता. तळघरात उतरल्यावर त्याला काय काय बोलायचं होतं ते सगळं सुचलं. पण वर, त्या खुर्चीत बसलेला असताना, लेकीला हे कसं सांगायचं एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. काय वाटेल ते झालं तरी हे तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. बायकोलाही सांगितलं नाही.

त्या आठवड्यात तो खेळाच्या सामानाच्या दुकानात गेला आणि लांब बाह्यांचा, मानेपासून गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख घेऊन आला. बाजूने निळी पट्टी होती. घरी येऊन त्याने पिशवी लेकीच्या हातात दिली.

"हे काय?"

"मोठे पोहणारे हाच घालतात. अंगाला चिकटून बसतो, पाणी अडत नाही. वेग वाढतो म्हणे. निवड जवळ आली ना तुझी."

तिने तो उलगडला, अंगाला लावून पाहिला. मग पळत जाऊन न्हाणीघरात घालून आली आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःहून घरातल्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली. मानेखाली सगळं काळं, गुळगुळीत. तिने एक गिरकी घेतली. "बाबा, तुम्हाला कसं सुचलं?" ती म्हणाली, आणि हसली.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती त्याला म्हणाली, "आज तुम्ही मोठं काम केलंत." त्याने मान खाली घालून पिशवीची घडी केली. खोटं गोड लागलं की ते खोटं आहे हे माणूस विसरतो. तोही त्या रात्री शांत झोपला.

पुढचे काही दिवस चांगले गेले. ती भेटेल त्याला सांगत होती, बाबांनी आणलाय, शर्यतीचा आहे. वेळ खरोखरच सुधारली. कोचबाई म्हणाल्या पोशाखामुळे काही होत नसतं, पोरगी खुशीत आहे म्हणून होतंय. त्यांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी ती एक फेरी पुरी करून काठ धरून दम खात होती. वरच्या पायरीवर दोन बायका आपापल्या मुलांचे टॉवेल घेऊन बसल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "पंपवाल्यांनी ऐकलं हो आपलं. भला माणूस आहे. पाठ झाकली ना आता, मग आपलंही काही म्हणणं नाही." बोलणाऱ्या बाईच्या मनात वाईट काही नव्हतं. पाण्यातली मुलगी आपलं ऐकतेय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

बाप खाली वाळूच्या टाकीतून उलटं पाणी सोडून ती धूत होता. पंप चालू असला की तळघरात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याने वळून पाहिलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लेक उभी. अंगातून पाणी निथळतंय, पायाशी थारोळं. ती काहीतरी बोलत होती, पण नुसते ओठ हलताना दिसले. त्याने बटण दाबून पंप बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं?" ती पुन्हा म्हणाली.

त्याला वेळ मारून नेता आली असती. पण तिचे डोळे पाहून खोटं बोलायला त्याची जीभ रेटली नाही.

"हो," तो म्हणाला.

"माझी पाठ बघून लोकांना किळस येते, म्हणून तुम्ही हा आणला."

"तुला कळू नये म्हणून, बाळा. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मी सगळ्यांना सांगत फिरले, बाबांनी शर्यतीसाठी आणलाय. ते सगळे मनात हसत असतील." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. "शाळेत बघतात, रस्त्यात बघतात. इथे कोणी बघत नाही, असं वाटायचं मला. म्हणून मी यायचे."

"अगं, असं नाही—"

"तुम्हीपण बघत होतात, बाबा."

तो पुढे झाला तशी ती मागे सरली आणि जिना चढून गेली. तो वर पोहोचेपर्यंत ती कपडे बदलून निघून गेली होती. काळा पोशाख कपडे बदलायच्या खोलीत बाकावर पडला होता, ओला, बाह्या उलट्या.

कोचबाईंना कळलं तेव्हा त्या मॅनेजरांच्या खोलीत गेल्या आणि त्यांचा आवाज तिकीटखिडकीपर्यंत ऐकू आला. मॅनेजर वरमले. त्यांनी पंपवाल्याची माफी मागितली, मुलीला पाठवा म्हणाले, वाटेल ते घालून येऊ दे. कोचबाई स्वतः घरी येऊन बंद दारासमोर बसल्या. "बाहेर नको येऊस," त्या दाराला म्हणाल्या, "पण ऐक. तुझी लेन मी कोणाला देणार नाही." दार उघडलं नाही. निवडीचा दिवस आला आणि गेला.

तिने शाळाही सोडल्यासारखीच केली. कधी पोट दुखायचं, कधी डोकं. दिवसभर पांघरूण डोक्यावर ओढून पडायची. एकदा आईने ताट खोलीत नेलं, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मी नसते तर तुम्हाला बरं झालं असतं का गं?"  आईने ताट खाली ठेवलं, लेकीच्या अंथरुणात शिरली आणि तिला पोटाशी धरून तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. इस्पितळातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघं तिला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी चेहरा पाहिलाच नाही. समोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "झोप लागते का? जेवण जातं का? नकोसं वाटतं का सगळं?" मग आईबापांना बाहेर बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली. आतून लेकीच्या रडण्याचा आवाज आला, हुंदके देऊन, लहानपणी रडायची तसा. बापाने उठायला पाहिलं, बायकोने त्याचा हात दाबून धरला.

नंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं. हा रोग आहे आणि त्याला औषध आहे, पण वेळ लागेल, म्हणाल्या. अस्वच्छतेने होत नाही, तळलेल्याने होत नाही, पसरत तर नाहीच. मनासाठी वेगळ्या बाईंकडे पाठवते, तिथे न चुकता न्या. शेवटी दोघांकडे पाहून म्हणाल्या, "आणि तिच्या चेहऱ्यावर बोलणं बंद करा. बरं दिसतंय, असंही म्हणू नका. दुसरं काहीतरी बोला तिच्याशी."

बाप घरी येऊन विचार करत बसला. गेल्या दोन वर्षांत आपण लेकीशी दुसरं काय बोललो? मलम लावलंस का, हात लावू नकोस, आज कमी वाटतात. आणि उरलेलं सगळं तलावाबद्दल. कोण किती वेगाने गेलं, कोणी पाण्यात सूर मारताना चड्डी घालवली. त्याच्याकडे तिसरं काही बोलायला नव्हतंच.

मग त्याने भंगारवाल्याकडून एक बिघडलेला पंखा आणला आणि तिच्या खोलीच्या दारात बसून उघडला. मुद्दामच पुटपुटत बसला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "ती तार उलटी लावताय तुम्ही." त्याने उलटीच लावली होती, पण हे मात्र मुद्दाम नव्हतं. ती येऊन समोर बसली. तो पंखा चालू लागला तेव्हा दोघांच्या तोंडावर धुळीचा लोट उडाला आणि दोघंही खोकत हसली. नंतर एक रेडिओ आला, शिवणयंत्राची मोटर आली. स्क्रूड्रायव्हर दे, पक्कड दे, एवढंच बोलणं व्हायचं. पण बोलणं व्हायचं.

एकदा मोटरीची तार गुंडाळताना तो म्हणाला, "मी तेव्हा तुला खरं सांगायला हवं होतं."

ती हातातल्या कामावरून नजर न उचलता म्हणाली, "नाही बाबा. तुम्ही त्यांना खरं सांगायला हवं होतं."

 तिचं बरोबर होतं.

औषधांनी ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचं, पण गाठी हळूहळू बसल्या. पुढच्या वर्षी शाळा बदलली. दोन मैत्रिणी झाल्या, त्या घरी येऊन खिदळू लागल्या. गालांवर बारीक खड्डे राहिले, पाठीवर फिकट डाग राहिले. केस मागे बांधू लागली. न्हाणीघरातला पिवळा दिवा तिनेच एक दिवस काढला आणि आईला म्हणाली, "यात तुला कपडे धुताना काही दिसत नसेल." त्या दिवशी धुलाईघरात आईने सगळ्या बायकांना आपल्या पैशाने चहा पाजला आणि का ते सांगितलं नाही.

बापाच्या मनात मात्र एकच होतं. आता ती येईल. तो तिला म्हणाला नाही, कोचबाईंनाही म्हणू नका म्हणाला. पण रोज संध्याकाळी तिच्या वेळेला त्याचे कान जिन्याकडे लागायचे.

ती आली ती तलावाच्या सुट्टीच्या दिवशी. तो चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला. पाणी स्तब्ध होतं, कोणी नव्हतं, छताच्या काचांतून ऊन तळापर्यंत उतरलं होतं. तो लांब दांड्याचा ब्रश घेऊन तळ घासत होता. तिने चष्मा दिला आणि लगेच निघाली नाही. काठावर उभी राहिली.

"आज कोणी नाही," तो म्हणाला. आपला आवाज साधा राहावा म्हणून त्याने ब्रश घासणं चालू ठेवलं. "तुझ्या इथल्या जुन्या कपाटात कॉश्च्यूम आहे. धुऊन ठेवलाय. साधा, पूर्वीचा."

"लहान होईल तो आता."

"नवा घेऊ."

ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला राग नाही आला तुमचा. म्हणजे तेव्हा आला होता, आता नाही. पण मी नाही उतरणार."

"आता तर सगळं गेलंय की."

"तेच सांगतेय. पूर्वी पाण्यात गेलं की मी सगळं विसरायचे. आता घरी विसरते, शाळेत विसरते. पाणी पाहिलं की फक्त आठवतं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मला ते विसरणं परत हवं होतं. मी खूप प्रयत्न केला. एकदा इथे बाहेरपर्यंत येऊन परत गेले, तुम्हाला सांगितलं नाही. नाही येत ते."

त्याने ब्रश थांबवला. बाहीने डोळे पुसले.

"तुम्ही रडू नका," ती म्हणाली.

"नाही गं. क्लोरीन आहे."

तिने त्याच्या ओल्या बाहीला हात लावला, क्षणभर धरून ठेवला. मग मैत्रीण वाट बघतेय म्हणाली आणि गेली. दार बंद झाल्याचा आवाज रिकाम्या तलावावर घुमला.

रात्री जेवताना बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं. शेजारच्या खोलीत लेक फोनवर कोणाशी तरी हसत होती. बायको हळूच म्हणाली, "पोर आपल्याला परत मिळाली. पुष्कळ नाही का एवढं?"

"पुष्कळ आहे," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. पण हातातला घास त्याने परत ताटात ठेवला.

कोचबाईंनी ती लेन एका नव्या मुलाला दिली, आधी पंपवाल्याला विचारून. तो म्हणाला, द्या, लेन रिकामी ठेवून काय करायचंय. तो अजून त्याच तलावावर आहे, पाणी तसंच नितळ ठेवतो. दर वर्षी लहान मुलांची नवी तुकडी पहिल्यांदा पाण्यात उतरते, तेव्हा वर नुसता कल्लोळ असतो. त्या दिवशी तो तळघरात एखादं लांबलचक काम काढतो आणि पंप चालूच ठेवतो.